विवरणपत्राची मुदत आणि कराचे देणे : एक संवाद

भारतात व्यक्ती आणि छोटे व्यावसायिक यांना प्राप्तिकराच्या दोन वेगळ्या तारखा सांभाळाव्या लागतात. एक तारीख कराची रक्कम सरकारी खात्यात जमा करण्याची, दुसरी वर्षभराच्या उत्पन्नाचे विवरणपत्र दाखल करण्याची. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात बरीच वर्षे चालत आलेल्या व्यवस्थेप्रमाणे, ज्यांच्या हिशेबांचे लेखापरीक्षण सक्तीचे नाही त्यांच्या विवरणपत्राची मुदत ३१ जुलैला संपत असे. लेखापरीक्षण सक्तीचे असलेल्यांची मुदत ३१ ऑक्टोबरपर्यंत असते आणि लेखापरीक्षणाचा अहवाल त्याच्या महिनाभर आधी द्यावा लागतो. कर मात्र यापूर्वीच भरायचा असतो. पगारदाराचा कर टीडीएसच्या रूपाने दरमहा कापला जातो. इतरांनी तो अग्रिम कर म्हणून १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या चार तारखांना भरायचा असतो. त्या त्या तारखेपर्यंत वर्षाच्या एकूण कराच्या अनुक्रमे १५, ४५, ७५ आणि १०० टक्के भरणा झालेला असावा लागतो. टीडीएस वजा जाता वर्षाचे देणे १० हजार रुपयांपेक्षा कमी असेल तर अग्रिम कर लागू होत नाही. धंद्याचे उत्पन्न नसलेल्या साठ वर्षांवरील रहिवासी व्यक्तींनाही तो भरावा लागत नाही.

मुदतवाढ जाहीर होते ती बहुतेक वेळा विवरणपत्राला. कायद्याच्या कलम ११९ अन्वये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ परिपत्रक काढून ही तारीख पुढे नेऊ शकते. ती न्यावी का, कोणासाठी न्यावी आणि तिच्याबरोबर कर भरण्याची तारीखही पुढे न्यावी का, यावर दोन भूमिका ठामपणे मांडल्या जातात. एक भूमिका जिल्ह्याच्या गावी नोकरदार आणि दुकानदारांची कामे पाहणाऱ्या कर सल्लागाराची आहे, दुसरी प्राप्तिकर खात्यातून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याची. पुढील संवाद त्या दोघांमधला आहे.

प्रत्यक्षात वेळ किती मिळतो

सल्लागार : साहेब, वर्ष ३१ मार्चला संपतं आणि मुदत ३१ जुलैला. कागदावर चार महिने दिसतात, पण पगारदाराला ते मिळत नाहीत. जानेवारी ते मार्च या तिमाहीचं टीडीएस विवरणपत्र भरायला मालकाला आणि बँकेला ३१ मे पर्यंत वेळ असतो. फॉर्म १६ हातात पडायला १५ जून उजाडतो. तोवर कापलेल्या कराच्या नोंदी दाखवणारं २६एएस आणि वार्षिक माहिती पत्रक अपुरं असतं. अपुऱ्या माहितीवर विवरणपत्र भरलं, तर टीडीएसचा मेळ बसत नाही आणि नोटीस येते. म्हणजे खरे दिवस साडेसहा आठवड्यांचेच. आमच्याकडे त्याच आठवड्यांत जीएसटीची मासिक विवरणपत्रं असतात आणि ३१ जुलैलाच पहिल्या तिमाहीचं टीडीएस विवरणपत्रही असतं.

अधिकारी : फॉर्म १६ ची वाट पाहणं मला मान्य आहे. पण घरभाड्याची पावती, गृहकर्जाच्या व्याजाचा दाखला, ठेवींवरचं व्याज, शेअरविक्रीचा हिशेब, हे सगळं एप्रिलमध्ये गोळा करता येतं. लोक करत नाहीत. २०२४ मध्ये ३१ जुलैपर्यंत ७ कोटी २८ लाखांहून अधिक विवरणपत्रं आली, त्यांपैकी जवळपास ७० लाख एकट्या शेवटच्या दिवशी. तारीख पुढे नेली की ही गर्दी कमी होत नाही, तीही पुढे सरकते. २०२५ मध्ये दीड महिना वाढवून दिला, तरी १५ सप्टेंबरला पोर्टलवर इतका ताण आला की आणखी एक दिवस द्यावा लागला.

सल्लागार : २०२५ चं कारणही सांगायला हवं. त्या वर्षी विवरणपत्रांच्या नमुन्यांत बदल झाले होते. भांडवली नफा किंवा धंद्याचं उत्पन्न असलेल्यांना आयटीआर-२ आणि आयटीआर-३ लागतात. त्या भरण्याच्या सुविधा जुलै उजाडल्यावर आल्या. ज्याच्या हाती भरण्याची सुविधाच जुलैत पडते, त्याला एप्रिलपासून तयारी का केली नाही, असं विचारता येत नाही.

या मुद्द्यावर कर मंडळाची त्या वर्षीची भूमिका सल्लागाराच्या बाजूची होती. २७ मे २०२५ रोजी मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर नेताना मंडळाने नमुन्यांतील बदल, त्यासाठी संगणक प्रणाली तयार करण्यास लागणारा वेळ आणि टीडीएसच्या नोंदी जूनच्या सुरुवातीपासून दिसू लागतात ही वस्तुस्थिती, अशी कारणे दिली होती. विलंब शासनाच्या बाजूने होत असेल तर मुदत वाढवणे हे शासनाचे कर्तव्यच ठरते, हे तत्त्व त्यातून मान्य झाले.

सहा वर्षांचा अनुभव

मुदतवाढीचा सर्वांत मोठा प्रयोग कोविडच्या काळात झाला. ३१ मार्च २०२० रोजी निघालेल्या अध्यादेशाने अनेक करविषयक तारखा एकत्रितपणे पुढे नेल्या. २०१९-२० या आर्थिक वर्षाच्या विवरणपत्राची ३१ जुलै २०२० ही मुदत आधी ३० नोव्हेंबर, मग ३१ डिसेंबर आणि अखेर १० जानेवारी २०२१ अशी तीनदा बदलली. शेवटची वाढ ३० डिसेंबरला, म्हणजे मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी जाहीर झाली. पुढच्या वर्षी ३१ जुलै २०२१ ची मुदत ३० सप्टेंबरवर आणि नंतर ३१ डिसेंबरवर गेली. त्या वर्षी साथीबरोबर दुसरेही कारण होते. ७ जून २०२१ रोजी सुरू झालेल्या नव्या ई-फायलिंग पोर्टलमध्ये अनेक दोष निघाले होते. ते तयार करणाऱ्या इन्फोसिसच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना ऑगस्टमध्ये अर्थ मंत्रालयाने खुलाशासाठी बोलावले होते. त्यानंतर २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षी ३१ जुलै ही तारीख कायम राहिली. २०२५ मध्ये ती पुन्हा हलली.

अधिकारी : मुदत कायम राहिलेल्या त्या तीन वर्षांकडे पाहा. २०२२ मध्ये ३१ जुलैपर्यंत ५ कोटी ८३ लाख विवरणपत्रं आली, २०२३ मध्ये ६ कोटी ७७ लाख, २०२४ मध्ये ७ कोटी २८ लाख. तारीख हलत नाही हे लोकांना पटलं की ते वेळेत भरतात. दरवर्षी वाढ मिळाली, तर मूळ तारखेवर कोणाचा विश्वास राहत नाही. जो माणूस रात्री दुकान बंद करून हिशेब लावतो आणि तारखेच्या आत काम संपवतो, त्याला त्या शिस्तीचं काहीच मोल मिळत नाही.

सल्लागार : शिस्तीचं मोल मलाही कळतं, साहेब. माझी तक्रार वाढीपेक्षा तिच्या वेळेबद्दल जास्त आहे. आदल्या दिवशी किंवा मध्यरात्री जाहीर झालेली वाढ कोणाच्याच उपयोगाची नसते. ज्यांना गरज होती त्यांनी तोवर घाईघाईत, चुका ठेवून विवरणपत्र भरलेलं असतं. मे महिन्यात दिलेली वाढ आणि ३० डिसेंबरला दिलेली वाढ या एका मापाने मोजू नयेत. पहिलीच्या आधाराने कामाचं नियोजन करता येतं. दुसरीमुळे पुढच्या वर्षी लोक वाट पाहायला शिकतात.

अधिकारी : इथे आपलं जुळतं. वाढ द्यायचीच असेल तर ती मुदतीच्या बऱ्याच आधी आणि एकदाच द्यावी.

तारीख पुढे जाते, व्याज थांबत नाही

सर्वाधिक गैरसमज या टप्प्यावर होतो. विवरणपत्राची मुदत वाढली म्हणजे कर भरायलाही तेवढा वेळ मिळाला, असे अनेक छोटे व्यावसायिक समजतात. १९६१ च्या कायद्यात व्याजाची तीन वेगळी कलमे आहेत. विवरणपत्र मुदतीनंतर भरले तर न भरलेल्या करावर कलम २३४ए चे व्याज लागते. अग्रिम कर ९० टक्क्यांपेक्षा कमी भरला असेल तर १ एप्रिलपासून कलम २३४बी चे. हप्ते चुकले असतील तर कलम २३४सी चे. तिन्हींचा दर महिन्याला एक टक्का आहे. २३४ए आणि २३४बी मध्ये महिन्याचा एखादा दिवस उलटला तरी पूर्ण महिना धरला जातो. विवरणपत्राची मुदत वाढल्याने फक्त पहिल्या कलमावर परिणाम होऊ शकतो. उरलेली दोन त्या तारखेशी जोडलेलीच नाहीत.

कलम ४४एडी च्या अनुमानित उत्पन्न योजनेतील दुकानदाराचे उदाहरण घेता येईल. अशा व्यावसायिकाला चार हप्ते नसतात, सगळा अग्रिम कर १५ मार्चपर्यंत एकदाच भरायचा असतो. समजा २०२४-२५ या वर्षाचा त्याचा कर ६० हजार रुपये झाला, टीडीएस काही नव्हता आणि त्याने अग्रिम कर भरला नाही. १५ मार्च चुकल्याबद्दल २३४सी प्रमाणे ६०० रुपये व्याज. ३१ मार्चपर्यंत भरणा केला असता तर तो अग्रिम करच धरला गेला असता आणि हिशेब तिथेच संपला असता. एप्रिलमध्ये भरला तर २३४बी चे आणखी ६०० रुपये. ३१ जुलैला भरला तर चार महिन्यांचे २,४०० रुपये. वाढीव मुदतीच्या भरवशावर १५ सप्टेंबरला भरला तर सहा महिन्यांचे ३,६०० रुपये, म्हणजे २३४सी धरून एकूण ४,२०० रुपये. त्याचे विवरणपत्र पूर्णपणे वेळेत ठरते, विलंब शुल्क एक रुपयाही लागत नाही, तरीही १ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर या दीड महिन्यासाठी त्याला दोन महिन्यांचे, म्हणजे १,२०० रुपयांचे जादा व्याज पडते.

सल्लागार : माझ्याकडे येणाऱ्या लोकांना हे समजावताना सगळ्यात जास्त वेळ जातो. बातमीत ‘करभरणा मुदत वाढली’ असं छापून येतं आणि वाचणारा निश्चिंत होतो. म्हणून माझं म्हणणं असं की छोट्यांसाठी भरण्याची तारीखही वाढवावी. २०२० मध्ये ते केलं होतं. ज्यांचं टीडीएस आणि अग्रिम कर वजा जाता देणं एक लाख रुपयांपर्यंत होतं, त्यांना विवरणपत्राबरोबर करालाही वाढ दिली होती. एक लाखावरच्यांना ती नव्हती, त्यांना मूळ तारखेपासून २३४ए चं व्याज लागलं. २०२१ मध्येही हीच एक लाखाची रेषा होती. लहान आणि मोठा यांच्यात फरक करता येतो, हे सरकारनेच दाखवून दिलं आहे.

अधिकारी : ती साथीच्या वर्षांची सवलत होती आणि तेव्हा ती रास्तच होती. दुकानं बंद होती, वसुली थांबली होती. पण तेव्हाही सरकारने व्याज सरसकट माफ केलं नाही. २० मार्च ते २९ जून २०२० या काळात देय झालेल्या करांचं व्याज वर्षाला नऊ टक्के केलं, ३० जूनपर्यंत भरायच्या अटीवर. कर ही मागच्या वर्षी मिळालेल्या उत्पन्नातली रक्कम आहे. माणसाने ती वेगळी काढून ठेवलेली असावी, हे गृहीत आहे. साधारण वर्षी भरण्याची तारीख वाढवली, तर ज्याने मार्चमध्ये भरला त्याने आपलं खेळतं भांडवल सरकारला दिलं आणि ज्याने थांबवलं त्याने ते फुकट वापरलं, असं होईल. हा अन्याय छोट्या-छोट्यांमधलाच आहे.

सल्लागार : छोट्या दुकानदाराचं उत्पन्न मार्चअखेर त्याच्या गल्ल्यात असतंच असं नाही. ते उधारीत अडकलेलं असतं, मालात गुंतलेलं असतं. कर नफ्यावर बसतो, भरायला मात्र रोकड लागते.

अधिकारी : ती अडचण खरी आहे. तिच्यावरचा उपाय हप्त्यांत आहे, मुदतवाढीत नाही. अनुमानित योजनेतल्या माणसाला १५ मार्चपर्यंत थांबायची परवानगी आहे, सक्ती नाही. दर तिमाहीला थोडं थोडं चलन भरलं तर मार्चमध्ये एकदम भार पडत नाही.

अमेरिकेत विवरणपत्र आणि भरणा या दोन गोष्टी कायद्यानेच वेगळ्या केल्या आहेत. तिथे फॉर्म ४८६८ भरणाऱ्याला विवरणपत्रासाठी १५ एप्रिलऐवजी १५ ऑक्टोबरपर्यंत वेळ मिळतो आणि त्यासाठी कारण द्यावे लागत नाही. कराचा अंदाज करून रक्कम मात्र एप्रिलमध्येच भरायची असते. २०२० मध्ये कोविडमुळे विवरणपत्र आणि भरणा या दोन्ही तारखा तिथे १५ जुलैवर नेल्या गेल्या, पण तो आपत्तीचा अपवाद होता. मागेल त्याला मिळणारी वाढ आणि सर्वांना एकदम जाहीर होणारी वाढ यांत मूलभूत फरक असा की पहिलीत गरजू माणूस आपण होऊन पुढे येतो आणि उरलेल्यांची तारीख अबाधित राहते.

मुदत चुकली तर काय गमवावे लागते

मुदतवाढीच्या मागणीमागे केवळ विलंब शुल्काची भीती नसते. कलम २३४एफ प्रमाणे ते ५ हजार रुपये आहे, एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १ हजार. त्याहून जड परिणाम तीन आहेत. पहिला, धंद्यातला किंवा शेअरविक्रीतला तोटा पुढच्या वर्षांच्या नफ्यातून वजा करण्याचा हक्क मुदतीत विवरणपत्र भरणाऱ्यालाच मिळतो. दुसरा, नवी करप्रणाली आता मूळ प्रणाली झाली आहे. गृहकर्ज, विमा, भविष्य निर्वाह निधी यांच्या वजावटींसाठी जुनी निवडायची असेल तर ती निवड मुदतीतच करावी लागते. तिसरा, परताव्यावर दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते. ते विवरणपत्र वेळेत भरले असेल तर १ एप्रिलपासून मोजतात, उशीर झाला तर विवरणपत्र भरल्याच्या तारखेपासूनच.

सल्लागार : एक दिवस उशीर झाला तर लाखांचा तोटा पुढे ओढता येत नाही. ही शिक्षा चुकीच्या मानाने फार जड आहे. पोर्टल बंद असेल, घरात आजारपण असेल, तरी कायदा एकच. म्हणून तर संघटना निवेदनं देतात आणि शेवटी न्यायालयात जातात.

अधिकारी : ज्याची अडचण खरी आहे त्याला दार बंद नाही. कलम ११९(२)(बी) खाली विलंब माफीचा अर्ज करता येतो. ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत तो स्वीकारला जातो आणि एक कोटीपर्यंतच्या दाव्यावर प्रधान आयुक्तच निर्णय देऊ शकतात. एकाच्या आजारपणासाठी सात कोटी लोकांची तारीख हलवायची गरज नाही.

सल्लागार : अर्ज करणं, पुरावे जोडणं, आयुक्तालयात पाठपुरावा करणं, हे सगळं त्या छोट्या माणसाला परवडायला हवं. सल्लागाराची फी त्या तोट्यातल्या बचतीपेक्षा जास्त होते.

न्यायालयांनी या वादात अलीकडे दोनदा महत्त्वाची भूमिका बजावली. जुलै २०२४ मध्ये विवरणपत्राच्या सुविधेत बदल झाल्याने काही करदात्यांना कलम ८७ए ची सूट मागताच येईना. मुंबईतील ‘द चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स’ या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. डिसेंबरमध्ये न्यायालयाने मुदत वाढवण्याचा अंतरिम आदेश दिला आणि मंडळाने रहिवासी व्यक्तींसाठी उशिराच्या व सुधारित विवरणपत्रांची ३१ डिसेंबर २०२४ ही तारीख १५ जानेवारी २०२५ केली. सप्टेंबर २०२५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने लेखापरीक्षण अहवालाची मुदत महिनाभर वाढवण्याचा आदेश दिला. त्यापाठोपाठ मंडळाने ती देशभरासाठी ३१ ऑक्टोबर केली. देशाच्या काही भागांतील पूरस्थितीचाही तेव्हा विचार झाला. ऑक्टोबरअखेर ती पुन्हा १० नोव्हेंबरवर आणि संबंधित विवरणपत्रांची मुदत १० डिसेंबरवर गेली.

मूळ मुदत हुकली तरी पुढचे टप्पे आहेत. शुल्क भरून उशिराचे विवरणपत्र ३१ डिसेंबरपर्यंत देता येते. त्यानंतर अद्ययावत विवरणपत्राचा मार्ग उरतो. २०२२ मध्ये तो दोन वर्षांसाठी खुला झाला आणि २०२५ मध्ये चार वर्षांपर्यंत वाढवला गेला. वर्षागणिक त्यावर २५, ५०, ६० आणि ७० टक्के अतिरिक्त कर बसतो. त्यातून परतावा मागता येत नाही.

जीएसटीत उशीर एकट्याचा राहत नाही

छोट्या व्यवसायाला प्राप्तिकराची तारीख वर्षातून एकदा गाठायची असते, जीएसटीची दर महिन्याला. वार्षिक उलाढाल ५ कोटींपर्यंत असलेल्यांना जानेवारी २०२१ पासून तिमाही विवरणपत्र आणि मासिक भरणा अशी योजना निवडता येते. तीत तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरायचा आणि तिमाही संपली की विवरणपत्र द्यायचे. ते महाराष्ट्र आणि गोव्यात २२ तारखेपर्यंत, काही राज्यांत २४ पर्यंत. राज्यांच्या तारखा वेगळ्या ठेवल्या आहेत त्या पोर्टलवरचा भार विभागण्यासाठी. इथे विवरणपत्राला तीन महिने आणि पैशाला एक महिना, असा भेद योजनेतच केलेला आहे.

अधिकारी : जीएसटीत मुदतवाढ देताना जास्त विचार करावा लागतो. विक्रेत्याने आपलं विक्रीचं विवरणपत्र भरलं नाही, तर खरेदीदाराच्या २बी या पत्रकात ते बिल दिसत नाही आणि त्याचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, अडकते. विक्रेत्याला मिळालेला वेळ खरेदीदाराच्या खिशातून जातो. इचलकरंजीतल्या सूत व्यापाऱ्याला दहा दिवस जास्त दिले, तर यंत्रमागवाल्याला तेवढे दिवस रोख कर भरावा लागू शकतो.

सल्लागार : पण गरज पडली तेव्हा जीएसटीनेच नेमकी वाढ कशी द्यायची ते दाखवलं. २०१९ च्या महापुरात जुलै महिन्याच्या ३बी या विवरणपत्राची मुदत पूरग्रस्त जिल्ह्यांपुरती २० सप्टेंबरपर्यंत नेली. त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा होते. कोविडमध्ये ५ कोटींपर्यंतच्या व्यापाऱ्यांना ठरलेल्या तारखांपर्यंत व्याज माफ केलं आणि त्यावरच्यांना पंधरा दिवस माफी देऊन पुढे नऊ टक्के लावलं. जागा बघून आणि उलाढाल बघून वाढ देता येते.

अधिकारी : अशी वाढ मला पूर्ण मान्य आहे. पुराचं पाणी दुकानात शिरलेल्या माणसाला आणि कोरड्या शहरातल्या माणसाला एकच सवलत देणं हे पूरग्रस्तावरही अन्यायाचं आहे.

तांत्रिक बिघाडासाठी थोडक्या वाढीचाही पायंडा आहे. जानेवारी २०२५ मध्ये जीएसटी पोर्टल बंद पडल्यावर विक्रीच्या विवरणपत्राला दोन दिवस मिळाले. साधारण परिस्थितीत जीएसटी उशिरा भरल्यास वर्षाला १८ टक्के व्याज आणि दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागते. व्यवहार शून्य असतील तर शुल्क २० रुपये. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्यांसाठी हे शुल्क एका विवरणपत्रामागे २ हजारांवर थांबते, शून्य विवरणपत्रासाठी ५०० रुपयांवर.

कायमची तारीख, वेगवेगळ्या करदात्यांसाठी

१ फेब्रुवारी २०२६ रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पात या प्रश्नाला वेगळे उत्तर सुचवले गेले. साध्या व्यक्तींनी, म्हणजे आयटीआर-१ आणि आयटीआर-२ भरणाऱ्यांनी, ३१ जुलैपर्यंतच विवरणपत्र द्यावे. लेखापरीक्षण नसलेल्या व्यावसायिकांना आणि न्यासांना ३१ ऑगस्टपर्यंत वेळ असावा. सुधारित विवरणपत्राची मुदत थोडे शुल्क घेऊन ३१ डिसेंबरवरून ३१ मार्चवर न्यावी, असे ते प्रस्ताव होते.

सल्लागार : धंद्याचे हिशेब लावायला पगारापेक्षा वेळ लागतो, हे यात मान्य झालं. दरवर्षी निवेदन देऊन मागायचा महिना कायद्यातच मिळत असेल, तर त्याहून चांगलं काय? आता नमुने आणि सुविधा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मिळाव्यात. त्या जितके दिवस उशिरा येतील, तितके दिवस मुदत आपोआप पुढे जावी, असा नियम असावा. मग कोणालाही न्यायालयात जावं लागणार नाही.

अधिकारी : त्या नियमाला माझा विरोध नाही, विवरणपत्रापुरता. मात्र कराची रक्कम त्यात ओढू नये. आपत्ती आली तर त्या जिल्ह्यापुरती, त्या उलाढालीपुरती आणि ठरावीक काळापुरती भरण्याची वाढ द्यावी. बाकी वर्षी पैसे वेळेत आणि कागद सोयीने, ही विभागणी ठेवावी.

सल्लागार : माझा एक आग्रह उरतो, साहेब. एक लाखापर्यंतचं देणं असलेल्या माणसासाठी, विवरणपत्राची मुदत सरकारच्याच उशिरामुळे वाढली असेल तेव्हा, त्या वाढीव दिवसांचं २३४बी चं व्याज माफ करावं. चूक त्याची नसते.

अधिकारी : त्याचा अग्रिम कर मार्चमध्ये चुकला, ती चूक त्याचीच. तिथे मी सहमत होणार नाही.

दोन्ही भूमिका तपासल्यावर सहमतीचा भाग मोठा निघतो. विवरणपत्राची मुदतवाढ लवकर, एकदाच आणि कारण सांगून द्यावी. शासनाच्या विलंबाची भरपाई करदात्याला आपोआप मिळावी. आपत्तीची सवलत जागा आणि आकार पाहून द्यावी. मतभेद उरतो तो साधारण वर्षातील छोट्या देण्यावरच्या व्याजाचा. त्याचा निर्णय संसदेने करायचा आहे. तोपर्यंत व्यक्तीने आणि छोट्या व्यावसायिकाने कोणतीही मुदतवाढ वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात : वाढ विवरणपत्राला आहे की भरण्यालाही, ती आपल्या वर्गाला लागू आहे का, आणि परिपत्रकात रकमेची मर्यादा घातली आहे का. भरण्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर देण्याचा अंदाज काढून चलन लगेच भरावे. विवरणपत्र वाढीव मुदतीत सावकाश आणि अचूक भरता येते.